सात वेळा 'नाही'

माझ्या भाचीचं लग्न ठरल्याचं मला भावाने सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं नाही, गावातल्या कुणीही सांगितलं नाही. लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटने सांगितलं. मिरजेच्या लॅबमध्ये सकाळचे रक्ताचे नमुने मशीनला लावून मी चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात मोबाईलवर मेल आला. अभिनंदन, तुमचा शोध संपला. स्थळ जुळल्यामुळे तुमचं प्रोफाइल बंद करत आहोत. तुमची गोड कहाणी आम्हाला चार ओळींत कळवा. वर झेंडूची माळ काढलेली आणि खाली पाच चांदण्या, तुम्ही किती खूश आहात तेवढ्या पिवळ्या करा म्हणून.

मी एकही चांदणी पिवळी केली नाही. चहा तसाच राहिला आणि त्या दिवशी दोन रिपोर्टांवर सही करायची विसरले.

ते प्रोफाइल मीच उघडलेलं होतं. दीड वर्षापूर्वी दादाचा फोन आला होता, "बायडे, पोरीचं त्या साईटवर टाक की. फोटू तूच बघून घाल, आमाला न्हाई समजत त्यातलं. आन ईमेल तुझाच दे." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. त्याची विनंतीसुद्धा हुकूम असते. मी फोटो निवडला, उंची लिहिली, शिक्षणात नर्सिंग लिहिलं आणि 'कुटुंबाविषयी' या रकान्यात 'सुसंस्कृत शेतकरी कुटुंब' असं लिहिलं. तेव्हा लिहिताना मला हसू आलं नव्हतं. आता येतं.

त्या पोरीचं नाव मी ठेवलेलं आहे. बारशाला पाळण्यावर वाकून तिच्या कानात कुर्र केलं आणि पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले. आमच्याकडे धपाटे नुसते नावाला घालत नाहीत, दोन दिवस माझी पाठ हुळहुळत होती. धपाटे खायला आत्या लागते आणि सुपारी फुटताना आत्या नको, हा कुठला न्याय? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात. मला मिशा असत्या तर निदान बोलावणं तरी आलं असतं.

का बोलावलं नाही, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. माझा नवरा हात उचलायचा. चार वर्षं सोसलं, पाचव्या वर्षी बॅग भरली आणि काडीमोड घेतला. तेव्हापासून मी मिरजेत एकटी राहते, आणि गावात माझी ओळख 'नांदत नाही ती' एवढीच उरली आहे. पाहुणे विचारतील, मुलीची आत्या एकटीच कशी? त्यापेक्षा आत्याच नको.

आता माझ्या ईमेलबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याच जोरावर झालं. बारावीनंतर लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म भरायला मी वडिलांबरोबर साताऱ्याला गेले होते. राजवाड्याजवळच्या एका नेट कॅफेत तिथल्या माणसाने विचारलं, "ईमेल हाय का?" वडिलांनी खिसे चाचपले. तो हसला आणि पाच मिनिटांत त्याने काढून दिला. पासवर्ड काय ठेवू, असं त्याने विचारल्यावर वडील म्हणाले, "इसरणार न्हाई आसं कायतरी ठेवा." म्हणून आमच्या थोरल्या बैलाचं नाव आणि त्यापुढे विहिरीच्या मळ्याचा गट नंबर. आमच्या घरातला हा पहिला ईमेल, आणि पुढची कितीतरी वर्षं शेवटचाही.

आमच्याकडे एका घरात फवारणीचा पंप आला की तो अख्ख्या भावकीचा असतो. कुणी विचारत नाही, दारातून उचलून नेतात आणि जमलं तर परत आणून ठेवतात. ईमेलचंही तसंच झालं. कुठल्याही फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की, "आपल्या पोरीचा हाय की, त्योच घाल." पत्ताही सगळ्यांना पाठ आणि पासवर्डही. बैल कधीच गेला, पण त्याचं नाव भावकीच्या तोंडी राहिलं. मग मला दिवसातून तीन-तीन फोन. "आक्का, कोड आलाय का बघ." "बायडे, ओटीपी बोल, जल्दी." पेशंटच्या दंडाला पट्टा बांधलेला, शीर बोटाखाली सापडलेली, आणि मी मान वाकडी करून खांद्यावरच्या फोनमध्ये सहा आकडे वाचतेय, असं कितीदा झालं असेल. वर एखाद्या दिवशी उशीर झाला तर दादा म्हणायचा, "एवढं बी होत न्हाई व्हय तुझ्याच्यानं?"

वडील गेल्यावर दादा हक्कसोडीचा कागद घेऊन आला. बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिला माहेर उघडं ठेवायचं, असा आमच्याकडचा करार. पहिला भाग कागदावर लिहितात, दुसरा कुणी लिहीत नाही. मी कोरेगावच्या कचेरीत जाऊन सही केली, फोटो दिला, आणि बाहेर दादाने उसाचा रस पाजला. त्यानंतरही मी रोज सकाळी लॅबच्या कॉम्प्युटरवर त्याच मळ्याचा गट नंबर टाइप करून मेल उघडत होते. जमीन दादाच्या नावावर गेली आणि नंबर माझ्या बोटांत राहिला.

भाचीचं मात्र वेगळं होतं. ती चौथीत असताना तिच्या शाळेत कॉम्प्युटर आला. पासवर्ड तिला माहीत होताच, पण मेल पाठवायचा कसा ते येत नव्हतं. म्हणून ती नुसतं लिहायची आणि तसंच सोडून द्यायची. ते मसुद्यांच्या कप्प्यात जाऊन पडायचं. "आत्या येताना स्केचपेन आण." मी त्याच्याखाली लिहायचे, "आणते. दात घास." दुसऱ्या दिवशी खाली आणखी एक शब्द, "घासले." एकही पत्र न पाठवता आमचा पत्रव्यवहार काही वर्षं चालला. तिच्या हातात मोबाईल आला तेव्हा तो थांबला, आणि मग मीही त्या कप्प्यात बघायचं सोडलं.

नर्सिंगला ती माझं बघून गेली. सांगलीत हॉस्टेलवर राहून शिकली, रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. कोर्स संपल्यावर गावी जाण्याआधी तिने सरकारी दवाखान्यांतल्या भरतीचा फॉर्म माझ्या लॅबमध्ये, माझ्याच कॉम्प्युटरवर बसून भरला. ईमेलच्या रकान्यात अर्थातच माझा पत्ता. "हॉल तिकीट याच्यावरच येणार, आत्या," ती म्हणाली. "पपांना एवढ्यात सांगू नकोस. ही परीक्षा निघाली ना, की मी तुझ्यासारखी. मग लग्न कधी करायचं आन कुणाशी, ते मी सांगणार." मी म्हटलं, माझ्यासारखी नको, माझ्याहून बरी हो. फॉर्म भरून आठ महिने झाले, परीक्षा दोनदा पुढे गेली. पण तिचा सगळा भरवसा त्या एका परीक्षेवर होता, आणि ती परीक्षा माझ्या पत्त्यावर येणार होती, हे मला पक्कं माहीत होतं. कुणी असं समजू नये की मला माहीत नव्हतं.

तर त्या झेंडूच्या माळेनंतर मी पहिल्यांदा मोबाईल हातात घेतला. दादा, वहिनी, दोन्ही चुलते, त्यांची पोरं, सगळे नंबर ब्लॉक केले. भाचीचाही केला. खरं तर तिचाच राग सगळ्यात जास्त आला होता. बाकीच्यांनी कळवलं नाही ते त्यांच्या स्वभावाला धरून होतं. हिने का कळवू नये? गरज सरो, वैद्य मरो, हे बापाकडून शिकली असेल, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला. पासवर्ड विसरला तर ज्या नंबरवर कोड जातो, तो नंबरही दादाचाच होता. तो काढून माझा घातला. मग खाली एक ओळ दिसली, हे खाते अकरा ठिकाणी उघडे आहे. अकरा! साताऱ्याजवळ, साताऱ्याजवळ, परत साताऱ्याजवळ, एक पुणे, एक पार जम्मूकडे, कारण चुलतभाऊ तिथे ड्यूटीवर, आणि एक चक्क टीव्ही. शेवटी बटण होतं, सगळीकडून बाहेर पडा. दाबलं. काडीमोड मिळाला त्या दिवशीही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण एवढ्यावर माझं भागणार नव्हतं. आपल्या घराला कुलूप लावलं, तरी आत कुणाकुणाचं सामान पडलंय ते बघायला हवंच. लॅबमध्ये जुनी रजिस्टरं असतात, त्यातल्या एकाच्या कोऱ्या पानांवर मी यादी करायला घेतली. पद्धत साधी होती. मेलमधल्या शोधायच्या चौकटीत 'वेलकम' लिहायचं आणि वर येईल ते बघायचं. मग 'व्हेरिफाय', मग 'पासवर्ड', मग 'तुमचे खाते'. शिवाय हा ईमेल दाखवून कुठल्या कुठल्या ॲपमध्ये शिरलं गेलंय, त्याची यादी सुरक्षेच्या पानावर आयती मिळते. चार दिवस डब्याच्या सुट्टीत मी एवढंच केलं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "परीक्षा देतेस काय गं कसली?"

त्रेसष्ट खाती निघाली. त्यातली माझी स्वतःची नऊ. बाकीची सगळी सुसंस्कृत शेतकरी कुटुंबाची. दादाचं पेन्शनचं, विजेचं, गॅसचं. चुलत्याचं पीकविम्याचं. वहिनीचं शिवणकामाचे व्हिडिओ टाकायचं, त्यात ती पैठणीच्या ब्लाऊजचे गळे शिकवते. जतकडे मेंढ्यांचा व्यवहार बघणाऱ्या दुसऱ्या चुलतभावाचं तर परदेशी मैत्रिणी शोधून देणाऱ्या साइटवरचं खातं निघालं. त्याला मी बोटही लावलं नाही. ते खातं त्याच्या बायकोसाठी जसंच्या तसं राहिलं पाहिजे.

आणि मग सूड. सूड म्हणजे काय ते मला त्या पंधरवड्यात कळलं. त्याला घाई चालत नाही. टीव्हीवर क्रिकेट दिसायचं खातं मी सामन्याच्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं, नाणेफेक होऊ दिली, आपली बॅटिंग आली, आणि मग काढून घेतलं. वहिनीचे व्हिडिओ पुसले नाहीत, फक्त पासवर्ड बदलला. म्हणजे तिला आपले जुने गळे बघता येतील, नवा टाकता येणार नाही. गावच्या यात्रा कमिटीचं नेटवरचं पान सापडलं तेव्हा तर मी खुर्चीतून उठून उभी राहिले. दादा कमिटीचा अध्यक्ष, आणि पानाच्या माथ्यावर त्याचा फेटा बांधलेला फोटो. तो काढून मी तिथे आमच्या थोरल्या बैलाचा जुना फोटो लावला. दोन दिवस कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गावातल्या बऱ्याच जणांनी अंगठ्याचं चिन्ह दाबून त्याला पसंती दिली.

कोड यायचे ते यायचेच. गॅसचा कोड, पेन्शनच्या दाखल्याचा कोड. ओटीपी दहा मिनिटं जिवंत असतो. मी कपात चहा ओतायचे आणि तो मरेपर्यंत बघत बसायचे. इतकी वर्षं हातातली सुई थांबवून ज्यांना आकडे वाचून दाखवले, ते आता तिकडे मोबाईलच्या तोंडाकडे बघत बसले असतील, या विचाराने मला चहा गोड लागायचा. पुढे त्याचाही कंटाळा आला. मग मी मेलला नियमच लावून दिला. 'कोड', 'पासवर्ड', 'सूचना' यांपैकी काहीही मथळ्यात असलं की मेल थेट कचऱ्यात जायचा.

यादीत भाचीचं भरतीचं खातंही होतं. माझ्याच अक्षरात त्याच्यापुढे लिहिलं आहे, 'याला हात लावायचा नाही.' लिहून झाल्यावर मला स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुकही वाटलं. हॉल तिकीट पाहिजे असेल तर येईल की दारात नाक घासत, असंही वाटलं. तेही लिहायला पाहिजे, म्हणून लिहिते.

पासवर्ड बदलल्यानंतर चौथ्या दिवशी मोबाईलवर एक चौकट उमटली. कुणीतरी तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहे. साताऱ्याजवळ. एक स्वस्तातला मोबाईल. हे तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. 'होय', आणि 'नाही, मी नाही'.

"या, हवालदारसाहेब," मी मोठ्याने म्हटलं आणि 'नाही' दाबलं.

त्यानंतर ती चौकट येतच राहिली. एकदा मी मिरजेच्या मंडईत मेथी निवडत होते. एकदा स्टेशनवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होते. दरवेळी तोच मोबाईल, दरवेळी साताऱ्याजवळ. मला वाटायचं, दादा ओट्यावर बसलाय, चष्मा नाकावर आलाय, बैलाचं नाव पुन्हा पुन्हा टाइप करतोय आणि दार काही उघडत नाही. आत मी बसलेय. बाहेर उभं राहायला कसं वाटतं ते कळू दे जरा. दोनदा अनोळखी नंबरवरून फोनही आले, ते मी उचलले नाहीत. सातवी चौकट शनिवारी दुपारी आली. त्या वेळी मला काही काम नव्हतं. मी लगेच दाबलं नाही. नऊ मिनिटं तिला तशीच ताटकळत ठेवली आणि मग 'नाही' दाबलं. त्यानंतर चौकट आली नाही. दादाने हात टेकले, असं मी धरलं.

पुढच्या गुरुवारी रजिस्टर संपत आलं. शेवटची साफसफाई म्हणून कचरा रिकामा करायला गेले, तर वर मसुद्यांच्या कप्प्यापुढे एक आकडा दिसला. एक. मी तर काही लिहून ठेवलेलं नव्हतं. उघडलं. तारीख माझ्या झेंडूच्या माळेच्या आदल्या दिवसाची होती.

"आत्या, तू इथं अजून बघतेस का माहीत नाही. माझं ठरवलंय. पपा म्हणाले आत्याला इतक्यात कळवायचं नाही, पाहुणे इचारत्यात. मी म्हटलं आत्या नसेल तर मी पाटावर बसणार नाही. लय वाजलं. माझा मोबाईल काढून घेतलाय, शेजारच्या काकूंच्या मोबाईलवरनं लिहितेय. मुलगा वाईट नाही, पण आधी परीक्षा. सेंटर मिरजेचंच मागितलंय. हॉल तिकीट आलं की मी इथंच येऊन बघून घेईन, तू फक्त त्या दिवशी स्टेशनवर ये. घरी मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगेन. तू रागावली नाहीस ना? स्केचपेन नको. दात घासलेत."

मी कचऱ्याचा कप्पा उघडला. 'महत्त्वाची सूचना' असा मथळा असलेला मेल तिथे होता, आत हॉल तिकीट. परीक्षा रविवारी होऊन गेली होती. सेंटर मिरजेतलं एक कॉलेज, माझ्या लॅबपासून चालत दहा मिनिटांवर. त्याच्याखाली 'पासवर्ड बदलण्याची विनंती' असे तीन मेल. तीनही तिच्या भरतीच्या खात्याचे, म्हणजे ती तिकडूनही हॉल तिकीट मिळवायला बघत होती. मग मी सुरक्षेच्या पानावर गेले आणि त्या सात चौकटींच्या वेळा बघितल्या. सातही वेळा एकच मोबाईल होता. शेजारच्या काकूंचा. शनिवारची वेळ दुपारी तीनची, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवसाची.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुक्याला धगसुद्धा लागली नव्हती. दादाचा फक्त एक सामना बुडाला होता.

शुक्रवारी रजा टाकून मी सकाळच्या गाडीने निघाले. कोरेगावला उतरून वडापच्या जीपने गावात पोचले तेव्हा दादा अंगणात खाटेवर बसला होता. मला बघून तो उठला नाही.

"काय काम काढलंस?" तो म्हणाला.

"तुझ्याकडं न्हाई काढलं."

"त्यो बैलाचा फोटू तूच लावलास न्हवं? गावात तोंड दाखवायची पंचायत झालीया माजी."

"व्हय. तुझ्यापरास बरा दिसतुया."

वहिनी दारात आली आणि परत आत गेली. दादाचा आवाज चढला. "पाव्हणं इचारत्यात, मुलीची आत्या नवऱ्याकडं का न्हाई. काय सांगू त्यास्नी? सांग की!"

"सांग, नवरा मारत हुता. आन सांग, भाऊ बघत हुता."

माझ्या जिभेवर पुढचं वाक्यही आलं होतं. तुझी पोरगी तुला न सांगता परीक्षेला बसणार होती, तुझ्या हुकमाला कुत्रं विचारत नाही. ते बोलले असते तर त्याला जन्मभर पुरलं असतं. पण ते गुपित माझं नव्हतं. मी ते गिळलं, आणि गिळताना मला फार त्रास झाला.

भाची परसात नळाखाली भांडी घासत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. तिने वर बघितलं, हात थांबवले नाहीत.

"मसुदा आज वाचला," मी म्हटलं. "म्हणजे काल."

"बरं."

"परीक्षा गेली."

"माहीत आहे मला." तिने एक पातेलं विसळून पालथं घातलं. मग विचारलं, "आत्या, ते 'नाही' तू दाबत होतीस?"

"व्हय."

"मला वाटायचं तू ड्यूटीवर असशील, मोबाईल ड्रॉवरमध्ये असेल, आपोआप होत असेल तसं." तिने दुसरं पातेलं पुढे ओढलं. "सातही वेळा?"

"सातही."

"शनिवारचं पण? शनिवारी मी काकूंच्या मोरीत दार लावून बसलेले. लय वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, आता उघडणार."

माझ्या तोंडून निघालं, "मला वाटलं दादा हाय."

आता तिने हात थांबवले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पपांना येतंय व्हय गं तसलं? पपांना ओटीपीसुद्धा तूच वाचून दाखवायचीस."

पंधरा-सोळा वर्षं मीच त्याला आकडे वाचून दाखवले, आणि दहा दिवस मीच मानत राहिले की तो खात्यात शिरायला बघतोय. मला तो तिथे हवा होता, म्हणून तो तिथे होता.

मी पर्समधून चिठ्ठी काढली. तिच्यावर नवा पासवर्ड लिहून आणला होता. त्यात बैल नाही, गट नंबर नाही. "हा घे," मी म्हटलं, "आता हा तुझाच. परत परीक्षा निघाली की..." तिने ओला हात कमरेला पुसला, चिठ्ठी घेतली, बघितली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मग म्हणाली, "चहा घेऊन जा." आधी ती मला 'राहा' म्हणायची. चहा तिने चांगला केला होता. मी तो उभ्यानेच प्यायले.

दादाची खाती मी परत दिली नाहीत. बैलाचा फोटोही अजून तिथेच आहे. पेन्शनच्या दाखल्यासाठी त्याला आता कोरेगावला जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, असं ऐकते, आणि ऐकून मला बरं वाटतं. या बाबतीत मी सुधारलेली नाही.

त्या भेटीनंतर पाचव्या दिवशी लॅबमध्ये मेल आला. नियम मी काढून टाकला होता, त्यामुळे तो समोरच दिसला. तुमच्या भरती अर्जाच्या खात्याशी जोडलेला ईमेल पत्ता बदलण्यात आला आहे. यापुढील सर्व सूचना नव्या पत्त्यावर जातील. नवा पत्ता पूर्ण दाखवलेला नव्हता. सुरुवातीचं एक अक्षर आणि पुढे नुसत्या चांदण्या. ते अक्षर तिच्या नावाचं होतं, मी पाळण्यावर वाकून सांगितलेल्या नावाचं. पुढचं मला कळू नये, अशी सोय तिने केली होती.

खाली विचारलं होतं, हा बदल तुम्हीच केला आहे का? दोन बटणं होती. 'नाही' दाबलं असतं तर बदल तिथल्या तिथे रद्द झाला असता आणि ती पुन्हा माझ्या पत्त्यावर आली असती. या वेळी मी नऊ मिनिटं घेतली नाहीत. 'होय' दाबलं, आणि रजिस्टर काढून तिच्या ओळीवर काट मारली.